पुढेही याच आशयाचे भाषण

सव्वीस वर्षं मी लोकांची भाषणं ऐकली आणि त्याचा मला सरकारनं पगार दिला. असं सुख दुसऱ्या कुठल्या नोकरीत असेल तर मला ठाऊक नाही. बायको म्हणते, "परक्यांची भाषणं ऐकून तुमचे कान किटलेत, म्हणून घरात कुणी बोलायला लागलं की तुम्हाला डुलकी लागते." तेही खरं आहे.

मी पोलीस खात्यात होतो. सुरुवातीची काही वर्षं खाकीत गेली, बाकीची सगळी 'गोपनीय'मध्ये. गोपनीय म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं काळा चष्मा आणि उलट्या कॉलरचा कोट येतो. प्रत्यक्षात मी म्हणजे कन्नड तालुक्यातल्या एका खेड्यातला गायके, पायात खात्याचे बूट, हातात शाळकरी वही, खिशात दोन बॉलपेन. एक चालतं आणि एक ऐन वेळी बंद पडतं. आमच्याकडं हवालदाराला जमादार म्हणतात, म्हणून अख्ख्या शहरात मी गायके जमादार. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं, माझ्या वह्यांवर तेच आहे. आता ते छत्रपती संभाजीनगर झालं, पण लोकांच्या तोंडी मी जमादारच राहिलो.

काम साधं. हद्दीत कुठंही सभा, मोर्चा, मुशायरा, व्याख्यान, कीर्तन असलं की साध्या वेशात जायचं, एका बाजूला बसायचं, कोण काय बोललं ते टिपायचं आणि सकाळी साहेबांच्या टेबलावर अहवाल ठेवायचा. साध्या वेशाचं म्हणाल तर मला न ओळखणारा माणूस सभेला क्वचितच असायचा. आयोजक लांबूनच हाक मारायचे, "या जमादार, तुमची खुर्ची राखून ठेवलीय." वक्ते माईक हातात घेऊन विचारायचे, "गोपनीयवाले आले का? आले? मग सुरू करू." याला गोपनीय म्हणायचं असेल तर माझी काही हरकत नाही.

या धंद्याच्या काही खुब्या असतात. गर्दी किती होती ते आयोजकाला कधी विचारू नये, तो पाच हजार सांगणार. विरोधकाला विचारू नये, तो पाचशे सांगणार. मंडपवाल्याला विचारावं. खुर्च्या किती आणल्या आणि किती नुसत्या रचून ठेवल्या, हे त्याच्याइतकं खरं कुणी सांगत नाही. दुसरी खुबी टाळ्यांची. आम्हाला काही लघुलेखन येत नव्हतं. वक्ता वाक्य टाकायचा, लोक टाळ्या वाजवायचे आणि त्या टाळ्यांत आम्ही मागचं वाक्य लिहून काढायचो. ज्याला टाळ्या पडत नाहीत त्याचं भाषण लिहिणं फार जड जायचं. असे दोन-तीन वक्ते होते. त्यांच्या सभेला मी स्वतःच एक-दोनदा टाळ्या सुरू करून दिल्या आहेत. खात्यानं आता माफ करावं.

गिऱ्हाइकंही एकेक नामी. एक स्थानिक पुढारी होते. त्यांच्या सभेला एकदा मला जायला जमलं नाही. दुसऱ्या दिवशी ते तणतणत ठाण्यात आले. मला वाटलं, काही तक्रार असेल. तक्रार होतीच, पण वेगळी. "मी काय एवढा खालावलो का?" ते साहेबांना म्हणाले. "लई जहाल बोललो काल, अन् लिहून घ्यायला माणूस नाय?" साहेबांनी त्यांना चहा पाजला आणि पुढच्या सभेला दोन माणसं पाठवायचं कबूल केलं, तेव्हा ते हसत गेले. सोयगावला एका सभेच्या बंदोबस्ताला गेलो होतो, तिथं ऐकायला सात माणसं होती. त्यांतले चार आम्ही. वक्त्यानं तरीही पाऊण तास घसा फोडला आणि शेवटी "उपस्थित विराट जनसमुदायाचे" आभार मानले. मी अहवालात 'उपस्थिती सात' लिहिलं. चार पोलीस होते हे मात्र लिहिलं नाही. त्याच्या कष्टाची मला कीव आली.

गणपतीत देखाव्यांच्या संहिता आमच्याकडं तपासायला यायच्या. एका मंडळानं खड्ड्यांवर देखावा केला होता, त्यात एका नगरसेवकाची नक्कल होती. वरून सांगणं आलं की ते संवाद काढा. पोरांनी काढले. पण देखावा तसाच ठेवला. नगरसेवकाचं काम करणारा गडी नुसता तोंडावर हात ठेवून खड्ड्यात उभा राहायचा. एक शब्द नाही. आदल्या वर्षी त्या मंडळापुढं पन्नास माणसं नसायची, त्या वर्षी रस्ता बंद करावा लागला. बंदोबस्ताला मीच होतो.

हे सगळं हसण्यावारी सांगतोय म्हणून असं समजू नका की शब्दांनी काही होत नाही. एकदा एका वस्तीत पंधरा मिनिटांचं भाषण झालं आणि सभा सुटल्यावर अर्ध्या तासात रस्त्यावर दगडांचा खच पडला. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या शिपायाचा कान फाटला. तो वक्ता दगड पडले तेव्हा घरी जेवत होता. त्याचं एकेक वाक्य माझ्या वहीत होतं, मी कोर्टात ते वाचून दाखवलं आणि त्याला शिक्षा झाली. त्या साक्षीचा मला आजही अभिमान आहे. सांगायचं एवढंच की ज्या वहीनं त्याला नीट पकडलं, त्याच वहीनं एका बाईंना नाहक अडकवलं होतं. ती वही माझी आणि हातही माझाच.

त्यासाठी आमच्या अहवालातलं एक वाक्य तुम्हाला माहीत असायला हवं. एका संध्याकाळी दोन-दोन, तीन-तीन कार्यक्रम असायचे आणि माणूस एक. मग पहिल्या सभेत अर्धा तास बसायचं, उठायचं, स्कूटरला लाथ मारायची आणि दुसरी गाठायची. राहिलेल्या अर्ध्या भाषणाचं काय? त्यासाठी एक वाक्य पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं होतं: 'पुढेही वक्त्याने याच आशयाचे भाषण केले.' मला ते माझ्या वरिष्ठ जमादारानं पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. "माणूस एकदा सुरू झाला की रूळ बदलत नाय," तो म्हणायचा. "अर्धं ऐकलं की समदं ऐकलं." मी शेकडो वेळा ते वाक्य लिहिलं असेल. कधी कुणाचं काही बिघडलं नाही.

त्या वर्षी शहरातल्या एका जुन्या वाचनालयात एका पुस्तकावरून वाद पेटला होता. काही लोकांचं म्हणणं, पुस्तक काढून टाका. काहींचं म्हणणं, ठेवा. वाचनालयाच्या मंडळींनी दोन्ही बाजूंना शांत करायला एक व्याख्यान ठेवलं. बोलायला कन्नडहून काकडे बाई आल्या. तिथल्या एका खासगी शाळेत मराठी शिकवायच्या, तिशी नुकतीच ओलांडलेली, आवाज खणखणीत. मी त्यांना आधी कधी ऐकलं नव्हतं.

बाई टेबलाच्या डाव्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या आणि नमस्कार-चमत्कार न करता एकदम सुरू झाल्या. "कशाला ठेवायचं हे पुस्तक? वाचनालय आपल्या वर्गणीवर चालतं, मग आपल्याला नको ते कपाटात का? कपाटाला कुलूप आहे म्हणता? कुलपं तुटतात. उद्या सकाळी शंभर जण या. फोडा कपाट, काढा पुस्तक बाहेर अन् घाला रस्त्यात." असं वीस मिनिटं. माझं पेन धावत होतं. मनात म्हटलं, कन्नडच्या शाळेत पोरांना हे शिकवतात?

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. शहागंजमध्ये दुकानदार आणि हातगाडीवाल्यांची बैठक तापलीय, लगेच जा. बाई पाण्याच्या ग्लासाकडं हात नेत होत्या. मी वही मिटली आणि उठलो.

शहागंजात गेलो तर भांडण मिटून सगळे मिळून शेवपुरी खात होते. सकाळी अहवाल लिहायला बसलो. बाईंची वाक्यं जशीच्या तशी उतरवली, कपाट, कुलूप, शंभर जण, सगळं. आणि खाली ते वाक्य. पुढेही वक्त्याने याच आशयाचे भाषण केले.

तीन आठवड्यांनी काकडे बाई ठाण्यात आल्या. त्यांना नोटीस गेली होती: जमावाला तोडफोडीस चिथावणी दिली, कारवाई का करू नये? एक पत्र त्यांच्या संस्थेलाही गेलं होतं. त्यांच्या कायम नेमणुकीचा प्रस्ताव पुढं जायच्या बेतात होता, नऊ वर्षांनी. संस्थेनं तो थांबवला. साहेबांनी माझा अहवाल त्यांच्यापुढं ठेवला. मी भिंतीशी उभा होतो. बाईंनी तो शांतपणे वाचला.

"हे मी बोलले, शब्द न् शब्द," त्या म्हणाल्या. "पण साहेब, ही त्यांची बाजू होती. मी आधी समोरच्याचं म्हणणं मांडते, त्याला स्वतःला मांडता येणार नाही इतकं जोरात. मग पाणी पिते, टेबलाच्या उजव्या बाजूला जाते अन् त्याला उत्तर देते. वर्गातबी असंच शिकवते."

"मग इथं 'पुढेही याच आशयाचे' असं का लिहिलंय?" साहेब म्हणाले.

"ते ज्यांनी लिहिलं त्यांना विचारा."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "जसं झालं तसं लिहिलं, साहेब." तोंडातून आपोआप निघालं. बाई माझ्याकडं एकदाच बघून गेल्या. रागानं नाही, ओळख पटवल्यासारखं.

पुढचे दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. मनाची समजूत घालत होतो की कोण जाणे, बाई आता सारवासारव करत असतील. खात्री करायला शहागंजात रहीमचाचांकडं गेलो. चाचांचं जिल्दसाजीचं दुकान, म्हणजे फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे चढवायचं. शहरातल्या कुठल्याही सभेला ते असायचेच, मराठी असो की उर्दू. मुशायऱ्यात मला शेर समजायचे नाहीत तेव्हा तेच हळूच अर्थ सांगायचे. माझे कितीतरी अहवाल त्यांच्या उर्दूवर उभे होते.

"हौ, मी होतो ना," खळीचा ब्रश न थांबवता चाचा म्हणाले. "तुम तो आधे में उठ गये, जमादार. असली बात तो पाणी पिल्यावर झाली."

"काय झाली?"

"बाईनं विचारलं, 'पुस्तक काढा म्हणणारं कुणी बसलंय का? मी तुमचं म्हणणं बराबर मांडलं का?' एक जण उभा राहिला, म्हणाला, व्हय, बराबर मांडलं. मग बाई गयी उस बाजू." चाचांनी ब्रशनंच उजवीकडं दाखवलं. "अन् म्हणाली, 'कपाट फोडायला शंभर लागतात, पुस्तक वाचायला एकच लागतो. तो एक कोण, तेवढं सांगा.' एकबी हात वर नै. मग म्हणाली, 'पुस्तकाच्या बाजूला एक वही ठेवा. ज्याला हरकत आहे त्यानं पुस्तक वाचावं अन् हरकत वहीत लिहावी. पुस्तकपण राहील, हरकतपण राहील.' आखिर में उस आदमीनेच टाळी वाजवली. मैं तो रो दिया, जमादार. तुम नै थे, अफसोस हुआ."

मला वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं. ज्या बाईंनी तोडफोड करू नका म्हणून जीव तोडून सांगितलं, त्यांच्यावर मी तोडफोडीचा ठपका ठेवला होता, आणि ते न ऐकता.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी एसटीनं कन्नडला गेलो. आठवडी बाजार होता, बस बकऱ्या आणि पोत्यांनी भरलेली. अख्ख्या वाटेत मी एक युक्ती जुळवत होतो, आणि ती मला फार चांगली वाटत होती. बाईंकडं भाषणाचं टिपण असणारच. ते घ्यायचं आणि त्यावरून पुरवणी अहवाल लिहायचा: वक्त्याने उत्तरार्धात असे असे म्हटले. मी ऐकलं असं दाखवायचं. बाई सुटतील, मीही सुटेन. साप भी मरे, लाठी भी न टूटे.

शाळा सुटली होती. बाई रिकाम्या वर्गात वह्या तपासत बसल्या होत्या. मी दारात उभा राहून सगळं सांगून टाकलं. फोन आला, उठलो, ते वाक्य लिहिलं, साहेबांपुढं खोटं बोललो. बाईंनी बसा म्हटलं नाही.

"जमादार, नोटिशीचा मला इतका राग नाय आला," त्या म्हणाल्या. "नोकरी जाईल का राहील, ते बघू. मला राग कशाचा आला सांगू? तुम्ही माझं भाषण तुमच्या मनानं पुरं केलं. मी कन्नडहून दीड तास बसनं आले, आठ दिवस तयारी केली, अन् माझं राहिलेलं अर्धं तुम्ही बोलून टाकलं. माझ्या नावावर. माझं तोंड दाबलं असतं तरी परवडलं असतं. निदान मी गप्प होते असं लोकांना दिसलं असतं."

मी हळूच माझी युक्ती पुढं केली. टिपण द्या, मी लिहून देतो.

बाईंनी खरंच ड्रॉवरमधून टिपण काढलं. चार पानं होती. ती हातात धरून त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग परत आत ठेवली.

"तुम्ही हे ऐकलं का?"

"नाय."

"मग कसं लिहिणार?"

"तुमच्याच भल्यासाठी, बाई."

"आधी न ऐकता माझ्या विरोधात लिहिलं, आता न ऐकता माझ्या बाजूनं लिहिणार. मला दोन्ही नको." त्यांनी ड्रॉवर बंद केला. "मला ही नोकरी लई पाहिजे, जमादार. नऊ वर्षं काढलीत मी. तरीबी सांगते. तुम्ही ऐकलं नाय, एवढंच लिहा. तेवढंच तुमच्याजवळ खरं आहे."

मी म्हणालो, "बाई, तसं लिहिलं तर माझी चौकशी लागेल."

"लागेल," त्या म्हणाल्या. मग एक खुर्ची पुढं सरकवली आणि शिपायाला चहा सांगितला. तो चहा मी कसा प्यालो ते मलाच माहीत.

घरी येऊन बायकोला सांगितलं. मला वाटलं, ती म्हणेल, पोरीचं लग्न तोंडावर आलंय, गप्प बसा. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तुमच्या पोरीनं नऊ वर्षं घासून मिळवलेली नोकरी कुणी अशी घालवली असती तर?" आणि पुढची भाकरी घेतली. आमच्या घरातली ही सगळ्यात लहान सभा.

सकाळी पुरवणी अहवाल लिहिला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात छोटा. 'सदर व्याख्यान सुरू झाल्यानंतर सुमारे वीस मिनिटांनी मी अन्य कामासाठी निघून गेलो. उत्तरार्ध मी ऐकलेला नाही. "पुढेही याच आशयाचे भाषण" हे वाक्य मी माहितीशिवाय लिहिले आहे.' खाली सही.

साहेबांनी तो दोनदा वाचला. मग दार लावून मला असं काही झोडपलं की बाहेर चहावाल्यालाही ऐकू गेलं असेल. अकलेचा कांदा इथपासून सुरुवात होती. ओरडून झाल्यावर खाली बसले आणि एकदम हळू आवाजात म्हणाले, "गायके, मी हवालदार नव्हतो कधी, पण उपनिरीक्षक असताना हे वाक्य मीही लिहिलंय. किती वेळा ते देव जाणे." कागद त्यांनी दाबला असता तर मला कळलंही नसतं. त्यांनी तो त्याच दिवशी वर पाठवला, सोबत बाईंची नोटीस मागं घेण्याची शिफारस जोडून. वाचनालयाच्या लोकांचे जबाब झाले. चाचांनी तर जबाबात अख्खा उत्तरार्ध म्हणून दाखवला, लिहून घेणाऱ्याचे हात दुखले. प्रकरण दप्तरी दाखल झालं. मला सक्त ताकीद मिळाली आणि सहायक फौजदारीची माझी बढती दोन वर्षं लांबली. चारेक महिन्यांनी कन्नडहून एक पोस्टकार्ड आलं. 'प्रस्ताव मंजूर झाला. कळावे. काकडे.' ते कार्ड अजून माझ्या कपाटात आहे, बढतीच्या आदेशाच्या वर.

लोक विचारतात, इतकी भाषणं ऐकली, मग तुमचं मत काय, बोलण्यावर बंधन असावं की नसावं? दिवाळी अंकाच्या संपादकांनीही तेच विचारलं म्हणून हा लेख. मी मोठा माणूस नाही. दगडांचा खच पाहिलाय, म्हणून काहीच बंधन नको असं म्हणवत नाही. आणि काकडे बाईंची ती नजर पाहिलीय, म्हणून बंधन घालणाऱ्यावर सहजी भरवसाही बसत नाही. माझ्यापुरतं मी एवढं ठरवलं की ज्याला कुणाचं बोलणं थांबवायचं असेल त्यानं ते आधी संपेपर्यंत बसून ऐकावं. ते फार अवघड आहे. मी पगार घेऊन करत होतो, तरी जमलं नव्हतं.

पुढं निवृत्त होईपर्यंत माझ्या प्रत्येक अहवालात दोन ओळी जादा असायच्या: किती वाजता आलो, किती वाजता उठलो. ऐकलं नाही तिथं 'ऐकले नाही'. सहकारी मला 'टाइमवाले जमादार' म्हणून चिडवायचे. गंमत अशी की पुढं पुढं साहेब लोक नव्या माणसांना माझे अहवाल दाखवायला लागले. ज्या चुकीची शरम वाटायची तिनंच मला कामाचा माणूस केलं. ते श्रेय माझं नाही. बाईंचं आहे, साहेबांचं, चाचांचं आणि भाकरी थापता थापता बोललेल्या त्या एका वाक्याचं आहे. चाचा आता नाहीत. त्यांनी पुठ्ठा चढवलेल्या माझ्या वह्या आहेत.

गेल्या हिवाळ्यात त्याच वाचनालयात काकडे बाईंचं व्याख्यान होतं. बाई आता मुख्याध्यापक आहेत, केस पांढरे झालेत. मी श्रोता म्हणून गेलो. आधी ते पुस्तक बघून आलो, कपाटात आहे, शेजारी हरकतींची वहीही आहे. माझ्या बाजूला गोपनीयची एक तरुण कॉन्स्टेबल बसली होती, एका हातात वही, दुसऱ्यात मोबाईल. मला पाहून म्हणाली, "तुम्हीच का हो ते टाइमवाले जमादार?" मी म्हटलं, व्हय.

बाई डाव्या बाजूला उभ्या राहिल्या आणि सुरू झाल्या. "बोलण्याचं स्वातंत्र्य म्हणे! ज्याच्या तोंडाला लगाम नाही त्याला ते कशाला?" लोक चमकले, पाच-सहा मोबाईल वर झाले. मी मनात म्हटलं, आज रात्री ही पंधरा सेकंदं गावभर फिरणार. माझं एक वाक्य निदान सरकारी कागदांतच फिरायचं.

बाईंनी पाण्याचा ग्लास उचलला आणि शेजारच्या पोरीचा फोन थरथरला. तिनं तो पाहिला, माझ्याकडं पाहिलं. "सर, दुसरीकडं बोलावलंय. काय करू?"

"जा की," मी म्हटलं. "बोलावल्यावर जावंच लागतं. फक्त किती वाजता उठलीस ते लिही."

तिनं लिहिलं, सात दहा. आणि गेली.

मी शेवटपर्यंत बसलो. बाई उजव्या बाजूला गेल्या, बोलल्या. काय बोलल्या ते इथं लिहीत नाही, ते ऐकायला यायला हवं होतं. सभागृह रिकामं होत असताना ती पोर धापा टाकत परत आली. "सर, मॅडम पुढं काय बोलल्या? तुम्ही होतात ना, सांगा ना पटकन, लिहून टाकते."

अख्खा उत्तरार्ध माझ्या कानात ताजा होता. सांगणं अगदी सोपं होतं.

"नाय," मी म्हणालो. "तू ऐकलं नाहीस. चल माझ्याबरोबर."

बाई मंचाजवळ पिशवी भरत होत्या. कन्नडची बस गाठायची होती त्यांना. मी सांगितलं, ही गोपनीयची पोर, सात दहाला उठून गेली होती. बाईंनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि हसल्या. पिशवी खाली ठेवली, एक खुर्ची ओढली आणि टेबलाच्या उजव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

"बस, बाळ," त्या म्हणाल्या. "मी परत बोलते. आधी किती वाजलेत ते लिही."